कॅमेरा बाळावर, अलार्म कुणाच्या फोनवर?

पत्राचा सारांश: ठाण्यातल्या एका वाचक मैत्रिणीची मुलगी सात महिन्यांची आहे. प्रसूती रजा संपल्यावर त्या महिन्याभरापूर्वी ऑफिसात रुजू झाल्या. दिवसा बाळाला सासूबाई सांभाळतात. त्यासाठी त्या साताऱ्याजवळच्या गावाहून येऊन राहिल्या आहेत. नवऱ्याने बेडरूममध्ये पाळण्याच्या बरोबर वर वाय-फाय कॅमेरा लावला असून अ‍ॅप नवरा-बायकोच्या फोनवर आहे. पाळण्यात सासूबाईंनी शिवलेली गोधडी आणि मोहरीची उशी असते. वाचक मैत्रीण लिहितात, "मीटिंगमध्ये असले तरी दर पाच मिनिटांनी बघते. परवा ती पालथी झोपलेली दिसली. सासूबाईंना तीनदा फोन केला, त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. शेवटी कॅमेऱ्यातूनच मोठ्याने हाक मारली. बाळ दचकून रडायला लागलं आणि सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर पहाराच ठेवायचा असेल तर मी जाते गावाला." रात्री पाळणा नवरा-बायकोच्याच पलंगाशेजारी असतो, तरी कॅमेरा चालू आणि फोन उशीखाली. नवऱ्याचं म्हणणं, सहा महिने झाले, आता तिला वेगळ्या खोलीत झोपवू, कॅमेरा आहेच. शिवाय पायात घालायच्या मोज्यातून ऑक्सिजन मोजणारा महागडा मॉनिटर घेऊ. सासूबाईंचं म्हणणं, एवढंसं लेकरू एकटं कसं झोपवायचं? प्रश्न असे: कॅमेरा ठेवावा की काढावा, खोली बदलावी का, आणि तो मॉनिटर घ्यावा का?

उत्तर:

कॅमेरा ठेवा. फक्त तो आज ज्या पद्धतीने वापरला जातोय ती पद्धत बदला.

तुमच्या घरी आत्ता बाळ दिसतं तुम्हाला, आणि बाळापर्यंत पोहोचू शकतात सासूबाई. तासाभराच्या अंतरावरचा माणूस सारखा बघतोय आणि पंधरा पावलांवरच्या माणसाला काहीच कळत नाही. मॉनिटरचं काम खरं तर फार छोटं आहे. घरात आहे पण खोलीत नाही, अशा माणसाला 'आता जाऊन बघा' एवढं त्याने सांगायचं. त्यामुळे अलार्म त्याच्याकडेच वाजायला हवा, जो अर्ध्या मिनिटात बाळाजवळ पोहोचेल. दिवसा त्या सासूबाई. तुमच्या फोनवर चित्र दिसल्याने बाळ जास्त सुरक्षित होतं असं तुम्ही धरून चालला आहात, पण परवा काय झालं ते आठवा. तुम्ही पाहिलंत, घाबरलात, आणि हातात उरली ती फक्त लांबून मारलेली हाक.

आणि ज्यासाठी हाक मारली त्याविषयी आधी. बाळ झोपवताना नेहमी पाठीवरच झोपवायचं, रात्री आणि दिवसाच्या झोपेतही, वर्षाचं होईपर्यंत. पण जे बाळ पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर अशा दोन्ही बाजूंना स्वतः वळू शकतं, ते झोपेत पालथं झालं तर त्याला उलटवायला धावण्याची गरज नसते. सात महिन्यांची बहुतेक बाळं हे करतात. तुमची मुलगी दोन्हीकडे वळत असेल, तर परवा तिचं पालथं होणं हा धोका नव्हता. धोका होता तिच्या तोंडाशी असलेल्या मऊ गोधडीचा आणि उशीचा, आणि ते कॅमेऱ्यात तुम्हाला रोज दिसत होतं.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ साली झोपेच्या सुरक्षिततेच्या सूचना सुधारून दिल्या. त्यांचा गाभा साधा आहे: टणक, सपाट, तिरकी नसलेली गादी, तिच्यावर ताणून बसवलेली एक चादर, आणि बाकी काहीही नाही. उशी नाही, गोधडी नाही, कडेला लावायचे लोड नाहीत, मऊ खेळणी नाहीत. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात. तेच काम बाळ जागं असताना त्याला पोटावर खेळवल्याने आणि झोपवताना डोक्याची दिशा रोज आलटून पालटून ठेवल्याने होतं. गोधडी टाकून द्यायची नाही. जमिनीवर पसरा, दिवसभर तिच्यावर खेळू दे. झोपताना टोपडं काढा, कारण बाळ अंगातली उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं. गळ्यात काळा दोरा किंवा ताईत असेल तर तोही काढा. हा दोरा रात्रीच्या कृष्णधवल चित्रात दिसतसुद्धा नाही.

पाळण्याची तर मुदतच संपली आहे. बाळ कुशीवर वळू लागलं किंवा हात-गुडघ्यांवर उठू लागलं की झुलता पाळणा बंद करायचा. कडेला वजन पडलं की तो कलतो. साडीच्या झोळीचं त्याहून वाईट. झोळीत बाळाची पाठ गोल होते, हनुवटी छातीला टेकते, कापडाच्या घड्या नाकाशी येतात, आणि कॅमेऱ्याला दिसतं ते फक्त कापडाचं गाठोडं. बाळ रडत असताना मांडीवर घेऊन किंवा झोळीत झुलवून शांत करायला हरकत नाही, पण झोपलं की सपाट जागी. लाकडी कॉट घ्या. दोन गजांमधली फट ६ सेंटिमीटरहून जास्त नको, गादी आणि कठड्याच्या मध्ये दोन बोटं जाण्याइतकीही जागा नको. मुलगी बसू लागली की गादी सर्वांत खालच्या पातळीवर उतरवा. जागा नसेल तर जमिनीवर पातळ, घट्ट गादी चालेल, मात्र ती भिंत आणि पलंग यांच्यामध्ये बाळ अडकेल अशा फटीशेजारी नको.

एवढं झालं की कॅमेऱ्याचं निम्मं काम संपतं. रिकाम्या, टणक गादीवर झोपलेल्या बाळाला दर पाच मिनिटांनी बघावं लागत नाही.

आता उरलेल्या निम्म्या कामाची मांडणी. दिवसाच्या झोपेसाठी सासूबाईंकडे एक वेगळं यंत्र द्या, त्यांचा रोजचा फोन नको. तो पर्समध्ये असतो, सायलेंटवर असतो, भजनाच्या ग्रुपवर असतो. घरात पडलेला जुना स्मार्टफोन चालतो, सिमशिवाय, नुसत्या वाय-फायवर. त्यात कॅमेऱ्याचं अ‍ॅप टाका, पण तुमचा मुख्य पासवर्ड टाकू नका. बहुतेक अ‍ॅपमध्ये डिव्हाइस शेअर करण्याची सोय असते, त्यातून फक्त बघण्या-ऐकण्याची परवानगी द्या. मग पुढची गोष्ट कराच, कारण नेमकी तिथेच बहुतेक घरांत यंत्रणा फसते. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागच्या मागे अ‍ॅप बंद करतो आणि अलार्म येतच नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, ऑटोस्टार्टचा पर्याय असेल तर चालू करा, 'डू नॉट डिस्टर्ब' बंद ठेवा, नोटिफिकेशनचा आवाज पूर्ण वाढवा. अनेक अ‍ॅपमध्ये स्क्रीन बंद झाली की खोलीतला थेट आवाजही तुटतो. बॅकग्राउंडला आवाज चालू ठेवण्याचा पर्याय मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर फोन चार्जरला लावून, स्क्रीन मंद करून थेट चित्र उघडंच ठेवा. फोन ओट्यापासून लांब आणि मोकळा ठेवा, कापडाखाली नको.

अलार्म फक्त आवाजाचा ठेवा. हालचालीचा अलार्म बंद. पंख्याने पडदा हलतो, मच्छरदाणी हलते, खिडकीतून ऊन सरकतं आणि फोन प्रत्येक वेळी वाजतो. शिवाय बाळ झोपेतही स्वस्थ नसतं. साधारण तासाभराच्या एकेका चक्रानंतर ते चुळबुळतं, कण्हतं, डोळे मिटूनच रडल्यासारखं करतं आणि पुन्हा झोपतं. दिवसात वीस खोटे अलार्म वाजले की आठवड्याभरात घरातलं कुणीही त्याकडे लक्ष देईनासं होतं, आणि मग एकविसावा खरा असला तरी उपयोग नाही. आवाजाची संवेदनशीलता मधल्या पातळीपासून सुरू करा. कुकरची शिट्टी आणि बाहेरच्या कुत्र्यावर अलार्म वाजत असेल तर एक पायरी खाली आणा.

चाचणी घेतल्याशिवाय यावर विसंबू नका. बेडरूमचं दार लोटून आत बाळाच्या कुरकुरीएवढ्या आवाजात काहीतरी वाजवा आणि सासूबाईंना स्वयंपाकघरात उभं करून किती वेळात कळतं ते बघा. वाय-फाय कॅमेऱ्याचं चित्र काही सेकंद मागे असतं, हे तेव्हा लक्षात येईल. मिक्सर चालू असताना तर कुठलाच मॉनिटर ऐकू येत नाही. वाटण बाळ झोपण्याआधी.

खरेदीच करायची असेल, तर त्या मोज्याऐवजी बंद प्रकारचा मॉनिटर घ्या: एक कॅमेरा, सोबत त्याचाच छोटा स्क्रीन, इंटरनेटशी संबंध नाही. रेडिओ लहरींवर चालतो, नेट गेलं तरी चालतो, चालू-बंद आणि आवाजाची बटणं सोपी असतात. ऑफिसातून बघता येत नाही, आणि तुमच्या बाबतीत ते चांगलंच आहे. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो; सिमेंटच्या दोन-तीन भिंती मध्ये आल्या की तो खूप घटतो, आणि मायक्रोवेव्ह चालू असताना चित्र अडखळतं. परत करण्याची मुदत संपण्याआधी बाल्कनीत उभं राहून तपासा.

कॅमेऱ्याची जागा मात्र आजच बदला. पाळण्याच्या बरोबर वर तो नको. वर लावलेली वस्तू खाली पडते, आणि तिची वायर खाली लोंबते. पावसाळ्यात ओलसर डिस्टेंपरवर डबल टेप धरत नाही, म्हणून भिंतीत रॉल प्लग ठोकून स्क्रूने पक्का करा. कॉटच्या पायथ्याकडच्या भिंतीवर, पाच-सहा फूट उंचीवर, किंचित तिरका, म्हणजे चेहरा आणि पूर्ण गादी एका चौकटीत येईल. कॉटच्या कठड्यावर क्लिपने लावायचे स्टँड विकले जातात ते घेऊ नका.

वायरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण मॉनिटरमुळे खरोखर जीव गेले आहेत ते वायरमुळे. २०११ साली अमेरिकेत सुमारे १७ लाख व्हिडिओ मॉनिटर सावधानतेची नवी लेबलं आणि सूचना देण्यासाठी परत बोलावण्याची नोटीस निघाली. कॅमेऱ्याची वायर कॉटमधून हाताला लागण्याइतकी जवळ होती आणि दोन बाळांच्या गळ्याभोवती ती आवळली गेली होती. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा सल्ला असा, की कॅमेऱ्याची कुठलीही वायर कॉटपासून किमान ३ फूट लांब हवी. वायर केसिंग पट्टीत घालून भिंतीला चिकटवा. आठव्या-नवव्या महिन्यात मुलगी कठडा धरून उभी राहील तेव्हा तिचा हात आजच्यापेक्षा बराच वर आणि पुढे पोहोचेल, म्हणून तेव्हा टेप घेऊन अंतर पुन्हा मोजा. पडद्याची दोरी, चार्जर, टेबलफॅनची वायर यांनाही हाच नियम.

लांब वायरीचा आणखी एक त्रास होतो. दिवसा छान चालणारा कॅमेरा अंधार पडला की सारखा बंद-चालू होतो, आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. अंधारात त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, जास्त विद्युतप्रवाह लागतो, आणि पातळ, पाच-सहा मीटरच्या यूएसबी वायरमध्ये विजेचा दाब इतका कमी होतो की कॅमेरा दम टाकतो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर आणि सोबत आलेली वायरच वापरा. प्लग लांब असेल तर यूएसबी वायर वाढवण्याऐवजी इलेक्ट्रिशियनकडून जवळ प्लग पॉइंट काढून घ्या. इन्व्हर्टर असेल तर कॅमेऱ्याबरोबर राउटरही त्याच्यावर हवा, नाहीतर वीज गेल्यावर कॅमेरा चालू आणि नेट बंद अशी स्थिती होते. नवा कॅमेरा वाय-फायला जोडला जात नसेल तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगळ्या नावाने चालू करून बघा. बरेच कॅमेरे ५ गिगाहर्ट्‌झ ओळखत नाहीत.

मच्छरदाणी आपल्याकडे हवीच, आणि रात्रीच्या चित्राची खरी शत्रू तीच. इन्फ्रारेड प्रकाश जाळीवर आदळून परत येतो, आणि पांढऱ्या धुक्यापलीकडे काही दिसत नाही. कॅमेरा जाळीच्या आत लावण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण वायर आत येते. सोपा उपाय असा की अ‍ॅपमधून इन्फ्रारेड बंद करायचं आणि खोलीत एका बाजूला, कॅमेऱ्याच्या मागे नव्हे, अगदी मंद पिवळसर दिवा ठेवायचा. चित्र दाणेदार येतं, पण चेहरा कळतो. जाळी ताणलेली आणि गादीखाली खोचलेली हवी, बाळाच्या हाती येणारी सैल छत्री-जाळी नको. कॅमेऱ्यावर चमकणारा दिवा सेटिंग्जमधून बंद करता येतो. त्याच्या स्क्रीनवर दिसणारं तापमान मात्र सोडून द्या. यंत्र स्वतःच गरम होतं आणि तो आकडा फसवतो. बाळाला उकडतंय का हे छातीवर किंवा मानेमागे हात ठेवून कळतं. हातपाय गार लागणं नेहमीचंच असतं.

आता रात्र. बाळ तुमच्यापासून हातभर अंतरावर झोपतंय आणि तुम्ही ते फोनमध्ये बघताय. तुम्हाला ते लिहिताना विचित्र वाटलं असेल, पण असं करणारी घरं पुष्कळ आहेत. एकाच खोलीत झोपत असाल तर रात्री कॅमेरा भिंतीवरच्या बटणाने बंद करा. बाळ खरंच उठलं तर तुम्हाला ऐकू येईल. ते नुसतं चुळबुळलं तेव्हा तुम्ही झोपेत असणं दोघींच्या भल्याचं आहे. आवाज आला की दोन-तीन मिनिटं थांबा. बरेचदा ते आपलं आपण झोपतं, आणि उचलल्यामुळे जागं होणं टळतं.

वेगळ्या खोलीबद्दल तुमच्या नवऱ्याने ऐकलेलं अर्धं बरोबर आहे. किमान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या अंथरुणात झोपावं, असं २०२२ च्या त्या सूचना सांगतात. म्हणजे सहा महिन्यांनंतर हलवता येतं. हलवलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. इथे तुमच्या सासूबाई आणि अमेरिकेतले तज्ज्ञ जवळजवळ एकाच बाजूला आहेत, हे नवऱ्याला आवर्जून सांगा. तुम्ही तिघंही एका खोलीत बरे झोपत असाल तर वर्षभर तसंच राहू द्या. नवऱ्याच्या घोरण्याने बाळ उठतं किंवा तुम्ही तिच्या प्रत्येक श्वासाला जागता, असं असेल तर खोली बदलण्याला अर्थ आहे. तेव्हा आधी दहा-बारा दिवस फक्त दिवसाची झोप नव्या खोलीत, मग रात्र. दारं उघडी. मॉनिटर तुमच्या पलंगापासून दोन-तीन हात लांब, आवाज चालू, स्क्रीन काळी. रात्री चित्र बघायचं ते आवाज आल्यावर, उठायचं की नाही हे ठरवण्यापुरतं. आणखी एक पर्याय पत्रात आलेलाच नाही: सासूबाई तयार असतील तर बाळाची कॉट त्यांच्या खोलीत. तिथे तर कॅमेऱ्याचा प्रश्नच मिटतो, पण दिवसभर सांभाळणाऱ्या बाईवर रात्रही टाकायची का, हा विचार आधी करा.

बाळाला आपल्याच पलंगावर घेऊन झोपणाऱ्या वाचकांसाठी: बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा जन्मतः अडीच किलोंपेक्षा कमी वजनाचं असेल, चार महिन्यांहून लहान असेल, पलंगावरचं कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल, दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, तर ते करू नका. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं सर्वांत धोक्याचं. कॅमेरा यातलं काहीही टाळत नाही.

ऑक्सिजन मोजणारा मोजा घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये अशा एका कंपनीला परवानगीशिवाय वैद्यकीय उपकरण विकल्याबद्दल ताकीद दिली होती; २०२३ मध्ये तिच्या एका मोज्याला रीतसर परवानगी मिळाली. म्हणजे तो आकडा मोजतो हे मान्य झालं. घरातल्या निरोगी बाळाचा झोपेतला अचानक मृत्यू त्याने टळतो, असं मात्र कुणी दाखवलेलं नाही, आणि बालरोगतज्ज्ञांची अकादमी त्या हेतूने अशी यंत्रं वापरू नका असंच सांगते. अशा मृत्यूंपैकी बहुतांश पहिल्या सहा महिन्यांत होतात. तुम्ही तो टप्पा पार केला आहे. मोजा सैल झाला, पाय हलला की तो वाजतो, आणि रात्री दोन वाजता निरोगी बाळाला घेऊन दवाखाना गाठला जातो. डॉक्टरांनी एखाद्या आजारासाठी मॉनिटर लिहून दिला असेल तर ती गोष्ट वेगळी, तो वापरायचाच.

श्वासाची शंका आली तर कॅमेऱ्यात झूम करू नका, उठून जा. लहान बाळं पाच-दहा सेकंद श्वास थांबवून पुन्हा भरभर घेतात. पहिल्या काही महिन्यांत हे नेहमीचं असतं. श्वास मोजायचा तर बाळ शांत असताना पोट उघडं करून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांपर्यंत ६० किंवा अधिक आणि दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक श्वास, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, दूध न पिणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. श्वास २० सेकंदांहून जास्त थांबला, ओठ निळे-काळे पडले, अंग लुळं झालं, तर लगेच १०८. घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंनीसुद्धा, बाळाला सीपीआर (श्वास थांबल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायची तातडीची मदत) कसा द्यायचा याचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावं. मोज्याचे पैसे तिकडे वळवा.

सासूबाईंचा प्रश्न मी मागे ठेवला, कारण यंत्र नीट लागल्याशिवाय त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. त्या जुन्या विचारांच्या आहेत म्हणून कॅमेऱ्याला विरोध करतात, असं तुमच्या पत्रातून वाटतं. मला तसं दिसत नाही. स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या शहरात दिवसभर बाळ सांभाळणाऱ्या बाईला कॅमेऱ्यातून हाक येते, तेव्हा तिला राग येणार नाही तर काय होईल? बोलायला पुढे नवऱ्याने व्हावं. कॅमेरा त्याने लावला आणि आई त्याची आहे. तुम्ही मात्र त्या दिवशीच्या हाकेबद्दल थेट म्हणा, "आई, मी घाबरले आणि तुमच्यावर ओरडल्यासारखं झालं, चुकलं माझं." कारणमीमांसा जोडू नका. मग तिघांनी मिळून ठरवायचं ते असं: कॅमेऱ्यात फक्त कॉट दिसेल, त्या बसतात-कपडे बदलतात ती जागा नाही. बाळ झोपलं की त्या स्वतः बटण दाबतील, उठलं की बंद करतील. रेकॉर्डिंग बंद. कॅमेऱ्यातून बोलण्याची सोय बंद. ती बाळासाठीही वाईटच, आवाज येतो आणि माणूस दिसत नाही म्हणून बाळं घाबरतात. तुमच्या फोनवरचे सगळे अलार्म बंद. दुपारच्या जेवणानंतर त्या तुम्हाला एक फोन करतील, झोप-खाणं सांगतील, आणि त्या वेळी तुम्ही बाळ बघायचं, दोघींनी मिळून, साध्या व्हिडिओ कॉलवर.

पगारी ताई ठेवणाऱ्यांनी कॅमेरा लपवू नये. कामावर ठेवण्याआधी सांगा, चौकट दाखवा. बाळाला मारहाण किंवा हेळसांड होत असल्याचा संशय असेल तर पुरावे गोळा करत बसू नका, व्यवस्था बदला.

दर पाच मिनिटांनी बघण्याची सवय एकदम सुटणार नाही. अ‍ॅप होम स्क्रीनवरून काढा, पहिल्या आठवड्यात दिवसातून तीनदाच असं ठरवा, नंतर एकदा, मग अ‍ॅपच काढून टाका. हे जमत नसेल, बाळ शांत झोपलेलं असतानाही तुम्हाला झोप लागत नसेल, छातीत धडधड होत असेल, काहीतरी भयंकर होईल हा विचार हटत नसेल आणि दोन आठवडे असंच चाललं असेल, तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. बाळंतपणानंतरची चिंता वर्षभरात कधीही डोकं वर काढते, नोकरीवर परततानाही, आणि तिच्यावर उपचार आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं, फुकट.

राहिली कॅमेऱ्याची राखण. मूळ पासवर्ड बदला, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, अपडेट येतील तसे घ्या, राउटरचा पासवर्डही तोच फ्लॅट नंबरवाला असेल तर बदला. कॅमेरा शक्यतो पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर जोडा. तुम्ही बाळाला पाजता ती जागा चौकटीत येता कामा नये. कुणाकुणाला बघण्याची परवानगी दिली आहे ती यादी महिन्याला एकदा उघडून बघा. हौसेने दिलेली आत्याची आणि मामाची परवानगी तशीच राहून जाते. पुढे कॅमेरा कुणाला द्याल तेव्हा आधी तुमच्या खात्यातून काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, मेमरी कार्ड काढून घ्या. आणि गणपतीला गावी जाताना तो सोबत नेऊ नका. तिथे माणसं पुष्कळ असतात. फक्त मच्छरदाणी, टणक गादी आणि ताणायची चादर तेवढी पिशवीत घाला.